नैराश्यासाठी घरी वापरायचा ‘फ्लो’ हेडसेट : एक परीक्षण

स्वीडनमधील फ्लो न्यूरोसायन्स या कंपनीचा हा हेडसेट युरोपात २०१९ पासून नैराश्यावरील वैद्यकीय साधन म्हणून मान्य आहे. कपाळावर दोन ओल्या चकत्या बसवायच्या, मोबाइलवरील अ‍ॅपमधून यंत्र सुरू करायचे आणि अर्धा तास २ मिलिअँपिअरचा प्रवाह वाहू द्यायचा, एवढीच त्याची कृती. ‘मेंदूला करंट’ म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांना इस्पितळातील शॉक आठवतो. येथे मात्र ना भूल लागते, ना आकडी येते. डाव्या कपाळामागील मेंदूचा भाग उद्दीपित होण्यास किंचित अधिक सज्ज व्हावा, इतकाच या क्षीण प्रवाहाचा हेतू असतो.

२०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ब्रिटन व अमेरिकेतील १७४ रुग्णांनी दहा आठवडे घरीच उपचार घेतले. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन श्रेणीवरील गुण खऱ्या यंत्राने सरासरी ९.४ ने, तर तुलनेसाठी दिलेल्या, उपचाराचा नुसता भास देणाऱ्या नकली यंत्राने ७.१ ने उतरले. नैराश्यातून जवळजवळ पूर्ण बाहेर आलेल्यांचे प्रमाण मात्र अनुक्रमे सुमारे ४५ आणि २२ टक्के होते, आणि हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही आपल्याला खरे यंत्र मिळाले आहे हे त्या गटातील बऱ्याच जणांनी ओळखले होते, म्हणजे या फरकात केवळ अपेक्षेचाही वाटा असू शकतो. शिवाय त्याच वर्षी ब्राझीलमधील २१० रुग्णांवर झालेल्या घरगुती उपचाराच्या चाचणीत खरे यंत्र नकली यंत्राहून सरस ठरले नाही. त्यामुळे जाहिरातीतील आत्मविश्वास मला अवाजवी वाटतो.

झोपेसाठी म्हणून हा हेडसेट घेऊ पाहणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. सतरा प्रश्नांच्या हॅमिल्टन श्रेणीत तीन प्रश्न निद्रानाशाचे असून ५२ पैकी ६ गुण त्यांच्याकडे जातात; म्हणजे गुण उतरले तरी मन सावरले की केवळ झोप सुधारली, हे एकूण बेरजेवरून कळत नाही. अ‍ॅपमध्ये झोप, आहार व व्यायाम यांचे पाठ आहेत आणि ते उपयुक्तही आहेत, परंतु जुनाट निद्रानाशावर प्रथम सुचवली जाते ती वर्तनोपचाराची पद्धत, आणि तिला हेडसेट लागत नाही.

खरी कसोटी सातत्याची आहे. चाचणीत पहिले तीन आठवडे पाच-पाच दिवस आणि पुढे आठवड्यातून तीनदा उपचार होता. ज्याला सकाळी अंथरूण सोडणेच जड जाते, त्याच्याकडून ही शिस्त घरच्यांच्या मदतीवाचून पाळली जाणे कठीण. म्हणून मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली असलेल्या आणि गोळ्या परस्पर बंद न करणाऱ्या रुग्णालाच मी हे यंत्र सुचवीन. डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांनी ते टाळावे, फेफरे किंवा द्विध्रुवीय विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर दहा आठवडे वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावे. सुरुवातीची चुणचुण व कपाळावरील लाली सहसा ओसरते. चकत्या कोरड्या पडल्या तर मात्र त्वचा भाजू शकते.