संपादनाच्या नावाखाली गेलेले ७६,३७० रुपये

आकडा आधीच सांगतो. हस्तलिखित वाचून अहवाल देण्याचे ३,५००. संपादनाचे, शब्दाला ७५ पैसे दराने ६२,००० शब्दांचे, ४६,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ८,३७०. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ६,०००. ‘दुसऱ्या फेरी’चे १२,०००. एकूण ७६,३७० रुपये, सगळे पेन्शनचे. ज्यांनी नेले त्यांच्या जाहिराती आजही रोज येतायत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्यांबद्दल सगळ्यांना माहीत आहे. पॅकेज, फोटोसहित प्रकाशन समारंभ आणि नंतर लेखकाच्या कॉटखाली खोकी. मीही ते पुरेसं पाहिलं होतं, म्हणून मी छपाईचं पॅकेज घेतलंच नाही. मला फक्त चांगला संपादक हवा होता. पुस्तक आधी नीट करावं, मग प्रकाशकाच्या दारात जावं, हा विचार चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. या लोकांनी नेमका तोच विचार हेरला. छापायची घाई असलेल्यांसाठी त्यांच्याकडे एक गळ आहे, आणि घाई नसलेल्यांसाठी दुसरा.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. नोकरी बहुतेक नीरा डाव्या कालव्यावर, बारामती-इंदापूरकडे गेली. निवृत्तीनंतर कादंबरी लिहिली. विषय माझ्या हाताखालचा: एक पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना वाटून देणारा, एक चारी, म्हणजे कालव्याचा छोटा फाटा, टेलला म्हणजे त्याच्या शेवटच्या टोकाला बसलेला शेतकरी आणि त्याच्यापर्यंत कधीच पूर्ण न पोचणारी पाण्याची पाळी. पाणी मागणीचे सात नंबरचे अर्ज, रात्रीची दारं, फोडलेले पाट, यातलं काहीही मला कुणाला विचारावं लागलं नाही. विचारायचं होतं ते एवढंच, की हे लिखाण आता संपादकाकडे द्यायच्या लायकीचं झालंय का.

या प्रश्नाचं उत्तर विकत मिळतं अशी जाहिरात मला दिसली. ‘तुमचं हस्तलिखित व्यावसायिक संपादनासाठी तयार आहे का? आमचे तज्ज्ञ सांगतील.’ फोनवर एक मॅडम होत्या, बोलायला अत्यंत अदबशीर. पहिल्या वाक्यापासून ‘काका’. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावं त्यांनी मला सांगितली, ‘सत्यकथे’ची परंपरा आम्ही पुढे नेतोय म्हणाल्या. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, पण तिचे संपादक लेखकाला कशी पत्रं लिहायचे, कथा पुन्हा लिहायला कशी परत पाठवायचे, हे वाचणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. ती नावं ऐकून मी विरघळलो. विरघळणार नाही तर काय? त्या माणसांनी लेखकाकडून शब्दाला ७५ पैसे घेतले नव्हते, हे त्या क्षणी डोक्यात यायला हवं होतं हे आता कुणीही म्हणेल.

आठवडाभरात चार पानी अहवाल आला. वर पानभर कौतुक, खाली तक्ता: कथानक ८५ टक्के, भाषा ७८ टक्के, व्यक्तिरेखा ८२ टक्के. शेवटी जाड अक्षरात ‘हस्तलिखित व्यावसायिक संपादनासाठी पूर्णतः सज्ज’. आणि दुसऱ्या पानावर हे वाक्य होतं: ‘नायिकेच्या भावविश्वाचे चित्रण विशेष प्रभावी झाले आहे.’

माझ्या कादंबरीत नायिका नाही.

पाटकऱ्याची बायको तीन ठिकाणी येते. एकदा डबा देते, एकदा दार लावते, एकदा माहेरी जाते. तिचं भावविश्व मी लिहिलेलंच नाही. मी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि स्वतःची समजूत घातली की या अनुभवी लोकांना त्या बाईत मला न दिसलेलं काहीतरी दिसलं असेल. इथेच सगळं संपायला हवं होतं. हस्तलिखित कुणी उघडलंसुद्धा नव्हतं याचा पुरावा छापील अक्षरात माझ्या हातात होता. पण मला विचारायचंय, एवढं वर्षानुवर्षं एकट्याने लिहिल्यावर पहिल्यांदा कुणी ‘तयार आहे’ म्हणतं, तेव्हा किती जण हातात पेन्सिल घेऊन त्या वाक्यात खोट शोधत बसतील? हे लोक त्याच भुकेवर धंदा करतात. जो संपादन विकतो त्यालाच ‘संपादनाला तयार आहे का’ असं विचारू नका. तो ‘नाही’ कशाला म्हणेल?

तरीही मी नमुना मागितला होता, हे नोंदवून ठेवतो. त्यांनी पहिल्या दहा पानांचं संपादन करून पाठवलं आणि ते खरोखर चांगलं होतं. ‘जमीन’ आणि ‘जमिनीत’ यांतलं दीर्घ-ऱ्हस्व नीट केलेलं, दोन लांबलचक वाक्यं तोडलेली, समासात प्रश्न: ‘हे आवर्तन (पाण्याची पाळी) रब्बीचं की उन्हाळी?’ ती दहा पानं बघून कुणीही पैसे दिले असते. ती कुठल्यातरी जाणत्या माणसाकडून करून घेतली होती, पुढच्या सगळ्या पानांसाठी तो माणूस नव्हता. नमुना मागताना पानं तुम्ही निवडा. मधली, तुम्हाला स्वतःला अडलेली. पहिली कधीच देऊ नका.

पैसे यूपीआयने गेले. स्क्रीनवर नाव आलं ते संस्थेचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारल्यावर ‘काका, आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, ऑडिट चालू आहे.’ जीएसटीचं बिल मात्र आलं, शिक्क्यासहित. त्यावरचा क्रमांक मी नंतर बोट ठेवून मोजला. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. यांचा २७ ने सुरू झाला आणि चौदावर संपला. म्हणजे ते ८,३७० रुपये सरकारकडे गेलेच नाहीत. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही क्रमांक फुकट तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा, मी नंतर तपासला.

आयएसबीएनचे ६,००० तर सरळ दरोडा आहे. आपल्याकडे हा क्रमांक शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते आणि ती त्याचे पैसे घेत नाही. लेखकाने स्वतः पुस्तक काढायचं ठरवलं तर तोही अर्ज करू शकतो. शिवाय ज्या पुस्तकाचं संपादन व्हायचंय, प्रकाशक ठरायचाय, त्याला क्रमांक आत्ताच कशाला? मी हे विचारलं. उत्तर मिळालं, ‘रांग मोठी आहे, आधी बुक करावं लागतं.’ क्रमांक आजतागायत आलेला नाही.

मग ‘दुसरी फेरी’. पहिली फेरी पूर्ण झाली आहे, पण अंतिम फाइल देण्याआधी ज्येष्ठ संपादकांची नजर फिरवायलाच हवी, त्याचे १२,०००. न दिल्यास काम ‘अपूर्ण’ समजलं जाईल आणि फाइल मिळणार नाही. तोवर ५८,३७० गेलेच होते, आयएसबीएनचे धरून ६४,३७०. एवढे अडकल्यावर बारा हजारांसाठी कोण मागे फिरेल? दिले.

फाइल आली. मी निवेदनात ‘नि’ बराच वापरतो: ‘दार उघडलं नि पाणी सुटलं.’ कुणीतरी बसून संगणकावर एका आदेशात सगळे ‘नि’ काढून तिथे ‘आणि’ घातलं होतं. सगळे म्हणजे शब्दांच्या पोटातलेसुद्धा. माझा पाटकरी आता ‘शआणिवारी’ सायकलवरून ‘आणिघाला’. उपअभियंता निकम साहेब दोनशे पानं ‘आणिकम साहेब’ झाले. संवादातली इंदापूरकडची बोली कुठे प्रमाण केली, कुठे तशीच ठेवली, एकाच माणसाच्या तोंडी एकाच पानावर दोन्ही. प्रत्येक ‘आणिकम’ला मला मळमळत होतं. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, ‘काका, हे मुद्रितशोधनात, प्रूफ तपासताना, जाईल. त्याचं पॅकेज वेगळं आहे.’ त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

पुढे एका ओळखीतून एका निवृत्त संपादक बाईंपर्यंत पोचलो. माझी मूळ प्रत घेऊन गेलो, त्या लोकांनी बिघडवलेली नाही. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पहिली तीस पानं आणि मधली दोन प्रकरणं ठेवून घेतली, आणि परत देताना म्हणाल्या, ‘हे अजून संपादकाकडे द्यायचं नाही. तुमच्याकडेच काम आहे.’ माझा पाटकरी अकराव्या प्रकरणात बदलीवर जातो आणि चौदाव्यात त्याच चारीचं दार उघडतो. हे ज्याने वाचलं त्याला दिसणारच. ‘८२ टक्के व्यक्तिरेखा’वाल्यांना दिसलं नाही.

बाईंनी जे सांगितलं ते खरं तर मला साडेतीन हजारांत मिळायला हवं होतं. मसुदा संपल्यावर तो दोन-तीन महिने डोळ्याआड ठेवायचा. मग कागदावर छापून, मोठ्याने वाचायचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण. कोण कुठल्या साली, कुठल्या हंगामात कुठे आहे याचा तक्ता आपण स्वतः करायचा. तो संपादकाचा वेळ नाही. बोली कुठे आणि प्रमाण कुठे हे लेखकाने ठरवायचं आणि लिहून द्यायचं. वाचायला दोन-तीन माणसं, त्यांतलं किमान एक तुमची भीड नसलेलं. त्यांच्या सूचनांवर पुन्हा लिहायचं. आणि जेव्हा पुढचे बदल फक्त शब्द इकडचे तिकडे करण्यापुरते उरतात, किंवा नेमकं कुठे अडलंय हे सांगता येतं पण सोडवता येत नाही, तेव्हा संपादक. रचनेचं संपादन आधी, भाषेचं नंतर, मुद्रितशोधन सगळ्यांत शेवटी. ही तीन वेगळी कामं आहेत. प्रकरणंच हलायची असताना ऱ्हस्व-दीर्घाचे पैसे भरणं म्हणजे पाया खणायच्या आधी रंगाऱ्याला बोलावणं. जो तिन्ही एकाच दरात, एकाच आठवड्यात करून देतो म्हणतो तो एकही करत नाही.

फाइल युनिकोडमध्ये द्या. लेखी करार करा, त्यात संपादकाचं नाव हवं, ‘आमची टीम’ नको. पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचा हप्ता फाइल पाहिल्यावर.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो, सगळे स्क्रीनशॉट छापून, अनुक्रमांक टाकून. हवालदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘फाइल दिली ना त्यांनी? मग फसवणूक कुठली?’ मी ‘आणिकम’ दाखवलं. ते हसले. ‘दिवाणी बाब आहे, वकील गाठा.’ सायबर कक्षात पाठवलं. तिथे म्हणाले, तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे दिलेत, हे सायबर नाही, संस्था जिथे आहे त्या ठाण्यात जा. त्या ठाण्यात म्हणाले, पैसे जिथून गेले तिथे तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. मी कलम सांगितलं तर साहेब म्हणाले, ‘मग आता कायदा तुम्हीच शिकवा.’ आयुष्यभर सरकारी नोकरी केली, रात्री-अपरात्री टेलच्या शेतकऱ्याची तक्रार नोंदवून घेतली, ती खोटी वाटली तरी नोंदवली. माझा चार ओळींचा अर्ज कुणी आवक रजिस्टरला चढवायला तयार नव्हतं. बँकेने छापील उत्तर दिलं. एका साहित्य संस्थेच्या कार्यालयात गेलो, वाटलं लेखकांचं घर आहे. त्यांनी विचारलं, आजीव सभासद आहात का? नाही म्हटल्यावर कार्यवाह भेटणार नाहीत म्हणाले. लेखकाला लुटलं तर त्याने जायचं कुठे? आपल्याकडे दर वर्षी साहित्यावर परिसंवाद होतात, या धंद्यावर एक ठराव होत नाही, ठरावीक दरपत्रक नाही, काळी यादी नाही. नवे लेखक, त्यातही निवृत्त माणसं, गृहिणी, गावाकडची मुलं, रोज यांच्या तोंडी जातायत आणि लाजेने गप्प बसतायत.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि शंका आली तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, महिनाभराने नको. सेवेतल्या फसवणुकीसाठी ग्राहक आयोग आहे: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. मला ती सगळं गेल्यावर कळली.

मी आयोगात तक्रार दाखल केली आहे. दरम्यान विदर्भातल्या एका शिक्षिकेशी बोलणं झालं. त्यांनीही याच लोकांना अहवालाचे ३,५०० दिले होते. त्यांचं लिखाण म्हणजे वडिलांच्या गिरणीतल्या आठवणी. अहवालात तेच वाक्य, पूर्णविरामासकट: ‘नायिकेच्या भावविश्वाचे चित्रण विशेष प्रभावी झाले आहे.’ टक्केही तेच, ८५, ७८, ८२. वकील म्हणतात, असे आणखी दोन-तीन अहवाल शेजारी ठेवता आले तर ‘सेवेतली त्रुटी’ न राहता ठरवून केलेली फसवणूक दिसते, आणि मग पोलिसांनाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली ती घ्यावी लागेल. तुमच्या कपाटात असा अहवाल पडला असेल तर तो फाडू नका. बिल, यूपीआयची पावती आणि ज्या फाइलवर तो लिहिलाय ती मूळ फाइल, तारखेसकट, एकत्र ठेवा आणि मला कळवा.