द्रासला जाताय ना, मग हुंदरमानचं म्युझियम चुकवू नका (५ पैकी ५ स्टार)

लडाखच्या टूरमधे आपली मंडळी द्रासचं वॉर मेमोरियल बघतात, मागे तोलोलिंगचं शिखर येईल असा फोटो काढतात आणि कारगिलला फक्त मुक्कामाला थांबतात, सकाळी नाश्ता झाला की गाडी लेहकडे. आमच्या टूरवाल्याच्या यादीतपण हे म्युझियम नव्हतंच, हॉटेलमधल्या पोराने सांगितलं म्हणून लोकल टॅक्सी करून गेलो आणि खरं सांगते, अख्ख्या ट्रिपमधे हेच मनात राहिलं.

कारगिलपासून दहा-बारा किलोमीटरवर डोंगराच्या उतारावर हुंदरमान म्हणून जुनं दगडी गाव आहे, घरावर घर रचल्यासारखं, आता तिथं कोणी राहत नाही, लोक जवळच्याच नवीन वस्तीत गेलेत. त्या रिकाम्या घरातच हे ‘अनलॉक हुंदरमान, म्युझियम ऑफ मेमरीज’ केलंय. दारं एवढी बुटकी की वाकूनच आत जावं लागतं.

हे गाव १९७१ च्या लढाईपर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं, त्या डिसेंबरात आपल्याकडे आलं. गावातली काही माणसं तिकडे गेली ती तिकडेच राहिली, आणि मागे राहिलेले एका रात्रीत दुसऱ्या देशाचे झाले. कोणाचा भाऊ तिकडे, कोणाचा बाप तिकडे. ब्रोल्मो हे त्यांच्या नात्यागोत्याचं गाव पलीकडे दिसतं, म्हणजे खरंच दिसतं, वाटेत पॉइंटवर दुर्बीण लावून दाखवतात, घरं झाडं सगळं. पण जाता येत नाही. जायचं तर व्हिसा काढा, मग पंजाबात उतरून वाघ्यावरून सगळा वळसा घाला, आणि २०२५ च्या एप्रिलमधे अटारीपण बंद झालं. कारगिलहून पलीकडच्या स्कर्दू शहराला जाणारा जुना रस्ता इथूनच आहे, तो उघडा म्हणून लोक कित्येक वर्षं मागणी करतायत. २००५ ला पलीकडे जाणारी श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली, पुढच्या वर्षी पूंछची पण झाली, या लोकांच्या वाट्याला मात्र काहीच आलं नाही, हे ऐकून फार वाईट वाटलं.

म्युझियममधे मोठं असं काही नाही. रिकाम्या घरांमधे सापडलेल्या वस्तू आहेत, भांडी, कपडे, पाकिस्तानी कागदपत्रं, तोफगोळ्यांचे तुकडे आणि उर्दूतली पत्रं. गाइड गावातलाच मुलगा, त्याने एका पत्रात काय लिहिलंय ते हिंदीत सांगितलं. राजकारणाचं अक्षर नाही हो त्यात, कोणाची तब्येत कशी आहे, कोणाचं लग्न झालं का, पत्राचं उत्तर पाठवा, एवढंच. मला तिथून पुढे हलवेना, कारण १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईच्या वेळी, आमच्याकडेपण हेच चालू होतं. माझे थोरले दीर तोफखान्यात, तेव्हा याच भागात होते, पत्त्यात फक्त ‘५६ एपीओ’ हा लष्करी पोस्टाचा नंबर, त्यामुळे ते नक्की कुठं आहेत ते कळायचं नाही, आणि पत्र आलं तरी त्यावरची तारीख कधीची ते बघून सासूबाई परत काळजीत, म्हणजे त्यानंतर काय झालं असेल. पोस्टमन दिसला की सासूबाई भाकरी तव्यावर टाकून दारात, मग ती करपायची.

यावेळी तेच भाऊजी सोबत होते. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही, तोफांमुळे, दिवाळीत फटाके वाजायला लागले की अजून माडीवरच्या खोलीत जाऊन बसतात, घरात कोणी त्यावर बोलत नाही. गाइडने लोखंडाचा एक तुकडा हातात दिला तर ते लगेच म्हणाले, हा मोर्टारचा. मग गाइडला विचारलं, तुम्ही लोक तेव्हा कुठं होता? तो म्हणाला, सर मी लहान होतो, पण कारगिल शहरावर गोळे पडायचे तेव्हा अर्धं शहर सुरू नदीच्या खोऱ्यात पळून गेलेलं. भाऊजींनी तो तुकडा किती तरी वेळ हातातच धरून ठेवला. नंतर गाडीत म्हणाले, वहिनी, आम्हाला फक्त शिखरांचे नंबर माहीत असायचे, खाली कोण राहतं ते कोण सांगणार. याच भागातली पॉइंट १३६२० (शिखराची फुटातली उंची हेच नाव) ची ठाणी आपल्या जवानांनी १९६५ ला घेतली, ताश्कंद करारानंतर परत द्यावी लागली आणि १९७१ ला पुन्हा लढून घेतली, त्यांना हे सगळं पाठ आहे.

म्हणून मी सांगते दोन्ही बघा. द्रासच्या भिंतीवर नावं आहेत, कारगिलच्या लढाईत आपले ५२७ जवान गेले, तिथं डोकं टेकवल्याशिवाय पुढे जाऊच नये. पण घरच्यांचं काय होतं, दोन्हीकडच्या, ते हुंदरमानला कळतं. आणि मुलांना नक्की न्या, आमची पुतणी मोबाईलमधून मान वर काढत नाही, ती इथं प्रश्नावर प्रश्न विचारत होती.

आता कामाचं. तिकीट अगदी किरकोळ आहे, सुट्टे आणि कॅश ठेवा. आधार कार्ड जवळ असू द्या. रस्ता चढाचा आणि वळणाचा, त्यामुळे सकाळी लवकर निघा, आणि जुन्या गावात उतरायला पायवाट आहे, पायऱ्या उंचसखल, गुडघेदुखीवाल्यांनी काठी घ्या आणि साधे बूट घाला, चपलेवर नको. गाइडशिवाय फिरू नका, वस्तूंमागची गोष्ट सांगायला तोच लागतो, आणि त्याच्या हातात वेगळे पैसे ठेवा. हे बॉर्डरचं गाव आहे, तणाव असला की जाऊ देत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या. मिलिटरीच्या ठाण्यांचे फोटो काढायचे नाहीत. टूरचं बुकिंग करताना सरळ सांगा की कारगिलला अर्धा दिवस जास्त हवाय, त्याशिवाय कोणी स्वतःहून नेणार नाही. गावातल्या बायकांकडे जर्दाळू मिळाले तर तिथूनच घ्या, बाजारापेक्षा खूप गोड लागले.