फ्लॅश त्यांचा, सेटिंग त्यांचं, फोटो मात्र ‘तुमचा’

पैसे घेऊन पळून गेले असते तर फसवणूक निदान त्याच दिवशी कळली असती. ऑफ-कॅमेरा फ्लॅशच्या, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या फ्लॅशच्या, या दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तसं काहीच झालं नाही. फार्महाऊस होतं, मॉडेल होती, दोन सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारे कापडी खोके) होते, पोहे-चहा वेळेवर आला आणि रविवारी संध्याकाळी प्रत्येकाच्या कार्डात पाच-सहा झकास पोर्ट्रेट होती. गोम त्या पोर्ट्रेटमध्येच होती. घरी आल्यावर स्वतःचा फ्लॅश स्टँडवर लावून तसा एकही फोटो कुणाला जमेना, आणि का जमत नाही हेही सांगता येईना.

पुण्याबाहेरच्या एका बॅचची ही हकिगत. आयोजकाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. नावं बदलतात, पद्धत ओळखता आली म्हणजे झालं.

जाहिरातीत तीन गोष्टी ठळक होत्या: हँड्स-ऑन, मर्यादित जागा, सर्टिफिकेट. फी ६,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ७,०८०. प्रत्यक्षात माणसं २८ आणि सेटअप दोन, म्हणजे एका सेटअपमागे १४ जण. दोन दिवसांत कॅमेरा हातात घेण्याचा वेळ साडेतीन तास, म्हणजे २१० मिनिटं. भागाकार केला तर माणशी १५ मिनिटं. त्यातून मॉडेलचे कपडे बदलणं, ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसून दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र) एकाच्या कॅमेऱ्यावरून दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर चढवणं, सरांचे किस्से, हे सगळं वजा करा. उरलेल्या सहा-सात मिनिटांना ‘हँड्स-ऑन’ म्हणायचं.

आता फोटो इतके चांगले कसे आले ते बघू. फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं: शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ८, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १००. हॉलचे पडदे ओढलेले. या सेटिंगला घरगुती दिव्यांचा उजेड सेन्सरवर जवळजवळ उमटतच नाही. फ्लॅश बंद करून फोटो काढला तर काळी पाटी. म्हणजे फोटोत जो प्रकाश आहे तो शंभर टक्के फ्लॅशचा, आणि फ्लॅशची पॉवर सकाळीच ठरवून ठेवलेली. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, चेहऱ्यापासून सव्वा मीटरवर. मॉडेलने कुठे उभं राहायचं तिथे जमिनीवर चिकटपट्टीची फुली. फ्लॅश आणि चेहरा यांच्यातलं अंतर हलत नाही तोवर एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) हलत नाही, फोटो काढणारा दोन मीटरवर असो की पाच. त्यामुळे कुणाचाही कॅमेरा, कुठलीही लेन्स, नवखा माणूस, काही फरक पडत नाही. फोटो बिघडायला जागाच ठेवली नव्हती. ती फुली कशासाठी आहे, हे मात्र दोन दिवसांत एकदाही सांगितलं नाही. खरं तर सगळा धडा त्या फुलीतच होता.

आणखी एक बारीक गोष्ट. मिररलेस कॅमेऱ्यात या सेटिंगला व्ह्यूफाइंडर अंधारा दिसतो, कारण कॅमेरा फ्लॅशशिवायचं एक्स्पोजर दाखवत असतो. हे मेनूतून बंद करावं लागतं. कॅननमध्ये त्याला एक्स्पोजर सिम्युलेशन म्हणतात, सोनीत तो लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेचा सेटिंग इफेक्ट. असिस्टंटने प्रत्येकाचा कॅमेरा हातात घेऊन ते झटपट बंद करून दिलं, काय केलं ते न सांगता. नंतर कुणी कॅमेरा रिसेट केला की अंधार परत. मग दिसावं म्हणून माणूस आयएसओ १६०० करतो, फ्लॅश उडतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. सायलेंट शटरचंही तेच. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चालू असलं की फ्लॅश उडतच नाही, आणि दोष ट्रिगरला दिला जातो.

घरी नेमकं काय होतं? खोली दहा बाय दहाची, भिंती पांढऱ्या, छत डोक्याशी. सॉफ्टबॉक्सऐवजी पांढरी छत्री, आणि जागा नीट नसल्याने ती अडीच मीटरवर. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फळ्यावरचं एफ ८ तेच ठेवलं तर फोटो काळवंडणारच. उपाय सोपा असतो: पॉवर पूर्ण ताकदीच्या १/८ वरून १/२ वर न्यायची, किंवा आयएसओ ४००, किंवा एफ ४, किंवा सरळ छत्री जवळ ओढायची. यातलं जवळ ओढणं बहुधा सर्वात उत्तम, कारण त्याने प्रकाश मऊही होतो आणि पांढऱ्या भिंतींवरून उलटून येणाऱ्या उजेडाचं प्रमाणही घटतं. हॉलमध्ये दिसणाऱ्या त्या खोल सावल्या घरात गायब होतात त्या या भिंतींमुळे. एक काळी चादर सावलीच्या बाजूला टांगली तरी फरक दिसतो.

गच्चीवर भर दुपारी तर आणखी फजिती. स्वच्छ उन्हात आयएसओ १००, १/२००, एफ ११ हे साधारण बरोबर एक्स्पोजर. फळ्यावरचं १/१६०, एफ ८ तिथे सव्वा स्टॉप जास्त उजेड घेतं आणि आकाश फाटतं. मग माणूस शटर १/१००० करतो. साध्या ट्रिगरवर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे राहत नाहीत, आणि फ्रेमचा बराच भाग फ्लॅशविना राहतो. काळा पट्टा म्हणतात तो हाच. हाय-स्पीड सिंक (शटर सरकत असेपर्यंत फ्लॅश झपझप उडवत ठेवण्याची सोय) चालू केलं तर पट्टा जातो, पण फ्लॅशची ताकद दोन स्टॉप किंवा त्याहूनही खाली येते. पार्श्वभूमी एक स्टॉप गडद हवी म्हणून एफ १६ केलं, तर ६० गाइड नंबरचा (गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) फ्लॅश उघडा ठेवूनही पोचतो ६० भागिले १६, म्हणजे पावणेचार मीटर. तोही आकडा बॉक्सवर छापलेला, म्हणजे हेड २०० मिमी झूमवर असतानाचा. छत्रीत टाकल्यावर तो अर्ध्याहून खूपच कमी. एका छोट्या फ्लॅशने छत्रीतून दुपारच्या उन्हाशी कुस्ती होत नाही. छत्री काढा, सावलीत या, तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा लेन्सचा फिल्टर) लावून एफ ४ वर या (तो फ्लॅशलाही तितकाच कापतो, हे विसरू नका), नाहीतर पाच वाजेपर्यंत थांबा. एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर सात हजारांतले निदान काही वसूल झाले असते.

खरं शिकवायला मॉडेल लागत नाही. टेबलावर माठ ठेवा, खिडकी पार्श्वभूमीत घ्या. पहिली फ्रेम फ्लॅश बंद ठेवून. दुसरी फ्लॅश १/१६ वर. तिसऱ्या फ्रेमला फक्त शटर १/२०० वरून १/५० वर आणा: माठ जवळजवळ तसाच राहतो, खिडकीबाहेरचं जग दोन स्टॉप उजळतं. चौथ्या फ्रेमला फ्लॅश दुप्पट लांब न्या: आता माठ दोन स्टॉप काळवंडतो, बाहेरचं जग जिथल्या तिथे. मग पॉवर १/१६ वरून १/४ करून माठ परत आणा. पंधरा मिनिटांचं काम. माणशी तेवढाच वेळ होता, नाही का! पण हे केलं तर कार्डात माठ येतो, मॉडेल येत नाही, आणि माठाचा फोटो कुणी इन्स्टाग्रामवर टाकून आयोजकाला टॅग करत नाही.

दुसऱ्या दिवशीचा प्रकार अधिक सरळ धंद्याचा. काही जणांनी स्वतःचे ट्रिगर आणले होते, आणि सगळे डब्यातून निघाले तसे एकाच चॅनलवर. दोन्ही सेटअपही त्याच चॅनलवर. साहजिकच कुणीही शटर दाबलं की भलतीकडचाच फ्लॅश उडायचा, आणि तो पुन्हा चार्ज होत असताना ज्याचा नंबर लागला त्याची फ्रेम काळी. गोडॉक्स कंपनीच्या एक्स मालिकेतल्या ट्रिगर-फ्लॅशना ३२ चॅनल असतात, शिवाय बहुतेक मॉडेलमध्ये १ ते ९९ असा आयडी. दोन सेटअपना दोन चॅनल दिले, ट्रिगर आणि फ्लॅशवर आकडा जुळवला की विषय संपला. तसं न करता सांगितलं काय, तर ‘तुमचा ट्रिगर खराब आहे, आमच्याकडे किट आहे, वर्कशॉपवाल्यांना स्पेशल रेट.’

ते किट ज्यांनी घेतलं त्यांतल्या कॅनन १५००डी आणि २००डी मार्क २ वाल्यांचे पैसे थेट पाण्यात गेले. या दोन्ही कॅमेऱ्यांच्या हॉटशूमधला (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) मधला गोल संपर्कबिंदू कॅननने काढून टाकलेला आहे. स्वस्त ट्रिगर फक्त त्याच एका पिनेवर चालतात, त्यामुळे तिथे ते दगडासारखे गप्प बसतात. या कॅमेऱ्यांना कॅननच्या बाकीच्या पिनांशी बोलणारा, कॅननसाठीच बनवलेला ट्रिगर लागतो, आणि तोही दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, फ्लॅश उडवून बघून घ्यायचा. हॉटशूमध्ये डोकावायला पाच सेकंद लागतात.

किटमधला फ्लॅश ‘टीटीएल’, म्हणजे कॅमेऱ्याच्या मोजणीवरून आपोआप पॉवर ठरवणारा, म्हणून विकला गेला. तो होता गोडॉक्सचा टीटी६००. फ्लॅश वाईट नाही, शिकायला तर उत्तम, पण तो पूर्ण मॅन्युअल आहे. त्याचा पाय उलटा करून बघा: मधोमध एकच पिन. टीटीएल फ्लॅशच्या पायाला अनेक पिना असतात. पिना मोजता आल्या की हा विषय तिथेच मिटतो. बिल मागितल्यावर ‘नंतर मेल करतो’ असं उत्तर आलं. सिरियल नंबर लिहिलेलं बिल नसेल तर वॉरंटी विसरायची.

फीवरच्या जीएसटीचंही तसंच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यात गैर काही नाही. पण नोंदणी नसेल तर ग्राहकाकडून जीएसटीच्या नावाने एक रुपयाही घेता येत नाही. इथे माणशी १,०८० रुपये घेतले, पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, आणि यूपीआयवर दिसलेलं नाव संस्थेचं नसून भलत्याच व्यक्तीचं. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला की नोंदणीचं नाव दिसतं. पैसे भरायच्या आधी हे दोन मिनिटांत होतं.

त्याच वेळी आणखी दोन-तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात, फोनवर नाही. एका सेटअपमागे किती माणसं? माझ्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा ट्रिगर आहे का? फ्लॅशची जागा आणि पॉवर मी स्वतः बदलणार की तयार मिळणार? मॉडेलचे फोटो पोर्टफोलिओत, जाहिरातीत वापरायला तिची लेखी संमती मिळणार का? (इथे ती नव्हती, रविवारी निघताना कळलं.) रद्द झालं तर पैसे परत की ‘पुढच्या बॅचला ॲडजस्ट’? सर्टिफिकेटबद्दल विचारायची गरज नाही, लग्नाचं काम देणारा कुणी ते मागत नाही.

ज्यांचे पैसे गेले त्यांनी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते, आणि २०१९ च्या कायद्याने ती स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, ग्रुपवरचे मेसेज आधी जपून ठेवा, कारण ग्रुप दुसऱ्याच दिवशी बंद होतो. वर्कशॉप झालंच नाही आणि नंबरही बंद झाला, तर गोष्ट वेगळी: तेव्हा लगेच १९३० वर सायबर तक्रार करायची.

तक्रारीत ‘नीट शिकवलं नाही’ असं लिहू नका, ते सिद्ध होत नाही. ‘हँड्स-ऑन’ म्हणून जाहिरात केली आणि २८ माणसांत दोन सेटअप ठेवले, ‘टीटीएल’ म्हणून मॅन्युअल फ्लॅश विकला, क्रमांक न देता जीएसटी घेतला, असं लिहा. आणि एक अडचण आधीच ध्यानात घ्या. शनिवारी संध्याकाळी, फोटो ताजे असताना, प्रत्येकाकडून पाच तारे आणि चार ओळी लिहून घेतल्या होत्या. समोरचा वकील तेच पुढे करील.

पुढच्या बॅचची जाहिरात आली आहे. ‘आमच्या विद्यार्थ्यांचं काम’ म्हणून नऊ फोटो, नऊ वेगवेगळी नावं. नऊही फोटोंत नाकाची सावली फोटोतल्या उजवीकडच्या गालावर, त्याच जागी, तेवढ्याच लांबीची.