दंत महाविद्यालय की खासगी दवाखाना?

सरकारी दंतवैद्याकडे वेळ मिळेनाशी झाली की परवडणारे दोन मार्ग उरतात. दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात विद्यार्थी उपचार करतात. किडलेला भाग कोरून झाल्यावर अध्यापक छोट्या आरशाने दात तपासून होकार देईपर्यंत ते पुढे जात नाहीत, त्यामुळे खर्च कमी असला तरी रूट कॅनॉलसाठी बऱ्याच खेपा घालाव्या लागतात. खासगी दवाखान्यात वेळ वाचतो आणि लेखी अंदाजपत्रक मागून कामाचे टप्पे पाडून घेता येतात. (कॅप मात्र फार लांबवू नये, रूट कॅनॉल झालेली दाढ चावताना तडकू शकते.) साध्या फिलिंगसाठी मी महाविद्यालयच निवडेन. चेहरा सुजून ताप आला असेल, तर तुलना करत न बसता तातडीच्या विभागात जावे.