तास्मानियन नेम्स इंडेक्स: कैदी पूर्वजाचं मूळ घर शोधायला कितपत उपयोगी?

'लायब्ररीज तास्मानिया'ची 'तास्मानियन नेम्स इंडेक्स' ही शोधसेवा मोफत आहे. मूळ नोंदवहीच्या पानाचं चित्र थेट उतरवून घेता येतं, आणि या कामासाठी पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांकडे वळण्याआधी इथेच यावं, हे आमचं स्पष्ट मत. ब्रिटनने १७८८ ते १८६८ या काळात दीड लाखाहून जास्त कैदी ऑस्ट्रेलियात धाडले. त्यांतले ७०,००० हून अधिक व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या तास्मानियाला, १८५३ पर्यंत उतरले. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या मराठी घरांत सुनेच्या किंवा जावयाच्या घराण्यात असा एखादा कैदी निघतो आणि नातवंडांची वंशावळ तास्मानियातल्या होबार्ट बंदराच्या धक्क्यावर येऊन थांबते. ती तिथून मागे इंग्लंड-आयर्लंडच्या गावापर्यंत नेता येते का, एवढ्याच कसोटीवर ही सेवा इथे तपासली आहे.

नाव टाकून नोंदीचा प्रकार 'कन्व्हिक्ट' असा निवडला की यादी येते. नाव जॉन स्मिथ किंवा मेरी रायन असेल तर यादी लांबच लांब, आणि नुसत्या वयावर भिस्त ठेवली तर माणूस हमखास चुकतो. कैद्यांची वयं कागदागणिक दोन-तीन वर्षांनी मागेपुढे होतात. माणूस ओळखायचा तो जहाज आणि पोहोचल्याचं साल यांच्या जोडीवरून. नुसतं जहाजाचं नाव पुरत नाही. 'एशिया'सारख्या जहाजांनी कैद्यांच्या अनेक फेऱ्या केल्या, म्हणून दप्तरात 'एशिया ५' असे फेरीचे आकडे सापडतात. जहाज ठाऊक नसेल तर याच इंडेक्समध्ये लग्नाच्या परवानगीचे अर्ज (कॉन ५२; 'कॉन' आणि पुढचा आकडा म्हणजे कैदी-दप्तरातल्या मालिकेचा क्रमांक) पाहावेत. त्यात वधू-वरांच्या नावापुढे बहुधा जहाज लिहिलेलं असतं.

नोंद उघडली की खाली मूळ कागदांचे दुवे दिसतात, आणि बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. पहिला दुवा असतो वर्तन-नोंदीचा: पुरुषांसाठी कॉन ३१ किंवा १८४० नंतर आलेल्यांसाठी कॉन ३३, स्त्रियांसाठी कॉन ४० किंवा कॉन ४१. कागद मोठा चटकदार. कुठे खटला झाला, काय चोरलं, किती वर्षांची शिक्षा, मग वसाहतीत दारू पिऊन सापडल्याच्या आणि मालकाला उलट बोलल्याच्या नोंदी. शेवटी 'टीएल' म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह (शिक्षा संपण्याआधी स्वतःसाठी काम करण्याची मुभा), 'सीपी' म्हणजे सशर्त माफी, 'एफसी' म्हणजे शिक्षा संपल्याचा दाखला. लोक हा कागद चौकटीत लावतात आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात. त्यात आईबापांचा पत्ता क्वचितच लागतो.

मूळ घराचा पत्ता असतो तो आगमन-पटात, म्हणजे 'इंडेंट'मध्ये: पुरुषांसाठी कॉन १४, स्त्रियांसाठी कॉन १५. जहाज बंदरात आलं की कारकून प्रत्येकाला समोर उभं करून विचारत असे, आणि १८४० च्या दशकातल्या पटांत जवळच्या नातेवाइकांचा रकानाच भरलेला सापडतो. लिखाण अतिशय आखूड: 'एफ जॉन, बी विल्यम, थॉमस, एस मेरी, ॲट एनपी.' एफ म्हणजे वडील, एम आई, बी भाऊ, एस बहीण. एनपी म्हणजे जन्मगाव. एका ओळीत अख्खं कुटुंब, आणि ते अजून गावातच राहतं ही माहितीही. आई नोंदलेली नसेल तर ती वारली असावी असा तर्क करता येतो, पण तो तर्कच समजावा. याच्या जोडीला वर्णन-यादी (पुरुषांची कॉन १८, स्त्रियांची कॉन १९) काढावी. तिच्यात उंची, डोळ्यांचा रंग, व्रण आणि गोंदण लिहिलेलं असतं. दंडावर गोंदलेली आद्याक्षरं पटातल्या भावंडांच्या नावांशी जुळली, तर माणूस तोच याला चांगली पुष्टी मिळते.

इथे सेवेची सगळ्यात मोठी उणीव कळते. इंडेक्स फक्त कैद्याच्या नावाचा आहे. पटातले वडील-भाऊ त्यात उतरवलेले नाहीत, त्यामुळे 'ज्याच्या बापाचं नाव अमुक' असं शोधता येत नाही. चित्र उघडून जुनं वळणदार अक्षर स्वतःच वाचावं लागतं. दुवा नोंदवहीच्या पानावर नेतो, कैद्याच्या ओळीवर नाही. नोंद डाव्या पानावर सुरू होऊन उजव्या पानावर संपते, तेव्हा मागचं-पुढचं पान पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नये. १८२०-३० च्या दशकांत आलेल्या पुरुषांसाठी नातेवाइकांची अशी ओळ बहुधा मिळतच नाही. त्यांच्याकरता लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातले दयेचे अर्ज (ब्रिटिश गृहखात्याच्या एचओ १७ आणि एचओ १८ या मालिका) धुंडाळावे लागतात. आई, बायको किंवा गावचा पाद्री अर्ज करी आणि खाली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या असत. सगळ्यांच्या नावे अर्ज नसतो, पण असला तर सोनं.

आता पटातली ओळ घेऊन पुढे कसं जायचं? पहिला सापळा: खटला जिथे झाला ते गाव जन्मगाव धरणं. लिव्हरपूलला शिक्षा झालेले कितीतरी जण आयर्लंडहून कामधंद्यासाठी आलेले होते. दुसरा सापळा: जन्मगावाचं स्पेलिंग. कैद्याने आपल्या बोलीत सांगितलं, कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं. शिवाय सटन किंवा न्यूपोर्ट नावाची गावं अनेक परगण्यांत आहेत. म्हणून एकट्या कैद्याचा बाप्तिस्मा शोधू नये. वडील आणि तीन-चार भावंडं हा संच शोधावा. एवढी सगळी नावं एकाच घरात योगायोगाने जुळत नाहीत.

इंग्लंडसाठी सुरुवात १८४१ च्या जनगणनेपासून करावी. तिच्यात पंधरा वर्षांवरच्या बहुतेकांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, म्हणजे २४ वर्षांचा माणूस २० चा दिसतो. आणि जन्म त्याच परगण्यातला की नाही एवढंच कळतं. घर सापडलं की तेच कुटुंब १८५१ च्या जनगणनेत गाठावं, कारण तिथे नातं आणि जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला विभाग) हेही लिहिलेलं आहे. मग त्या पॅरिशच्या चर्चचं बाप्तिस्मा-पुस्तक. १८१३ पासून ते छापील तक्त्यात आहे: वडिलांचं नाव, धंदा, राहण्याचं ठिकाण, आईचं पहिलं नाव. आईचं माहेरचं आडनाव हवं असेल तर लग्नाची नोंद वेगळी काढावी लागते.

स्कॉटलंडचा कैदी असेल तर काम पुष्कळ सोपं. तिथल्या पॅरिश-पुस्तकांत आईचं माहेरचं आडनाव सहसा असतंच, शिवाय एडिंबरोच्या राष्ट्रीय दप्तरात खटल्यापूर्वीचे जबाब (एडी १४) जपलेले आहेत. आयर्लंडचं मात्र अवघड. १८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या १९२२ च्या डब्लिनमधल्या आगीत खाक झाल्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनाही जवळपास सगळ्या गेल्या. तिथे पटातला 'एनपी' हाच आधार. तो टाउनलँडपर्यंत (आयर्लंडमधला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग) नेमका असेल तर ग्रिफिथचं मूल्यांकन (एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली करासाठीची जमीन-घरांची यादी) आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मोफत ठेवलेली कॅथलिक पॅरिशची पुस्तकं कामी येतात. नुसतं 'कॉर्क' लिहिलेलं असेल तर पुढची वाट बिकट आहे.

तुलनेसाठी 'डिजिटल पॅनॉप्टिकॉन'. तेही मोफत, दिसायला जास्त देखणं, पण लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात दोषी ठरलेल्यांपुरतंच. तिथे निरनिराळी दप्तरं संगणकाने आपोआप जोडून एकेका माणसाचा जीवनपट तयार केला आहे. सोय उत्तम, पण दोन विल्यम ब्राउन एकत्र शिवले जाऊ शकतात. प्रत्येक जोड मूळ कागदावर पडताळल्याशिवाय वंशावळीत लिहू नये.

इंडेक्समध्ये तास्मानियाच्या जुन्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदीही मोफत आहेत. मृत्यूच्या नोंदीत आईवडील सापडतील ही आशा मात्र ठेवू नये. एकोणिसाव्या शतकातल्या तास्मानियाच्या नोंदींत ते नसतात. सुटका झाल्यावर बरेच जण बास सामुद्रधुनी ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या व्हिक्टोरियात गेले. तिथे १८५३ पासून मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावं आणि जन्मठिकाण यांचे रकाने आहेत. दाखल्याला पैसे पडतात, पण या शोधात पैसे खर्चायचेच तर ते इथे खर्चावेत. माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल तर तेवढ्या बेताने विश्वास ठेवावा.

आपल्याकडचा एक धागाही या दप्तरात आहे. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांमध्ये कोर्ट मार्शल झालेले गोरे सैनिकही तिकडे धाडले जात. 'ट्राइड: पूना' पाहून पूर्वज पुण्याचा होता असं समजू नये, जन्मगाव बहुधा ब्रिटन-आयर्लंडचंच असतं. इंग्लंडहून सुटणाऱ्या जहाजांच्या हद्दपारी-नोंदवहीत (एचओ ११) हे सापडत नाहीत. राजाच्या पलटणीतला असेल तर क्यूच्या युद्धखात्याच्या दप्तरातलं डब्ल्यूओ ९०, कंपनीच्या मुंबई फौजेतला असेल तर ब्रिटिश लायब्ररीतली एल/एमआयएल/१२ ही मालिका पाहावी.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो नातेवाइकांचा रकाना शोधता येत नाही म्हणून. न्यू साउथ वेल्सला उतरलेल्यांसाठी त्या राज्याचं अभिलेखागार वेगळं आहे. अंदमान किंवा मॉरिशसला पाठवलेल्या इथल्या कैद्यांचा माग काढायचा असेल तर तास्मानियात वेळ घालवू नये: मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड मागवावेत, आणि अंदमानसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेच्या फायली पाहाव्यात.