भोसरीचं होजचं (रबरी पाइपचं) दुकान: जुन्या ट्रायम्फच्या ऑइल पाइपसाठी एक नंबर (पण गुरुवारी नको)

पुण्यात, चिंचवडात कुणाकडे जुनी ब्रिटिश गाडी असेल आणि ऑइल पाइप बदलायचे असतील तर बाइकच्या दुकानात नंतर जा, आधी भोसरी एमआयडीसी गाठा. माझी गाडी पन्नासच्या दशकातली ट्रायम्फ थंडरबर्ड, ६५० सीसी, एन्फिल्डची थंडरबर्ड नव्हे (हे दर सिग्नलला सांगावं लागतं). आता ट्रायम्फची चारशे सीसी आपल्या चाकणलाच बनते, बजाजकडे, पण तिचं आणि या म्हातारीचं नाव सोडलं तर काही जुळत नाही, त्यामुळे तिकडून पाइप मिळेल ही आशा सोडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिचं ऑइल इंजिनाच्या पोटात नसतं, सीटखाली वेगळी टाकी असते. एक पाइप ऑइल खाली नेतो तो फीड, दुसरा परत वर आणतो तो रिटर्न, आणि रिटर्नमधूनच एक बारीक फाटा रॉकरला, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांना जातो. रिटर्न फुटला की मागचा टायर, पँट, बूट सगळं तेलकट, म्हणजे लगेच कळतं. फीडची गोष्ट वाईट, तो बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बसतो, मग पंपाला ऑइल पोचतच नाही आणि तुम्हाला कळेपर्यंत बिग एंड, म्हणजे क्रँकवरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, गेलेला असतो. माझा जुना फीड काढून ब्लेडने उभा चिरला तर आतला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आलेला, भोकात जेमतेम काडी जाईल एवढी जागा. बाहेरून बोट फिरवलं असतं तर कुणीही म्हणालं असतं की अजून दोन वर्षं काढेल.

नाना पेठेत एका ठिकाणी विचारलं तर त्यांनी पारदर्शक प्लास्टिकची नळी पुढे केली, म्हणे सगळे हीच लावतात, ऑइल वाहताना दिसतं पण! दिसतं हो, पण गरम ऑइलने ती पिवळी पडते, कडक होते आणि एक दिवस निपलवरनं (नळी जिथे चढवतात त्या टोकावरनं) सटकते. ऑनलाइन चकाचक स्टीलच्या जाळीवाले किट मिळतात, फोटोत भारी दिसतात, पण ती जाळी फ्रेमला घासून रंग खाते आणि आतलं रबर कसलं आहे ते कुणी सांगत नाही, मला तरी नको.

मग एका टर्नरने (लेथवर काम करणाऱ्याने) हे भोसरीचं दुकान सांगितलं. पाटी नाही, समोर कायम टेम्पो उभा, आत भिंतभर होजची वेटोळी. सगळं गिऱ्हाईक प्रेस मशीनवालं, सीएनसीवालं, बाइकवाला मी एकटाच. काउंटरवरचे काका पाइप दाखवायच्या आधी विचारतात, "दादा, आतून काय जाणार? गरम किती? प्रेशर किती?" तिथेच मी खूश, कारण इतक्या दुकानांत फिरलो पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मिनरल ऑइल म्हटल्यावर म्हणाले साधं रबर चालणार नाही, ते ऑइल पितं आणि फुगतं, नायट्राइल घ्या, म्हणजे तेलाला टिकणारं कृत्रिम रबर. होजवर छापलेलं वाचून दाखवलं, एसएई ३०आर७ (इंधनाच्या होजचं स्टँडर्ड), शेजारी बनवल्याची तारीख. तारीख बघायचीच, वर्षानुवर्षं रॅकवर पडलेलं रबरही म्हातारं होतं. मेन लाइनला, म्हणजे फीड-रिटर्नला, ५/१६ इंच म्हणजे ८ एमएम धरा, रॉकरला बारीक. मी हौसेने म्हटलं टोकांना मशीनवर फिटिंग दाबून द्या ना, तर चक्क नाही म्हणाले, "एवढं प्रेशर नाही तुमच्या लाइनला, कशाला पैसे घालवताय." धंदेवाला माणूस असं बोलतो का हो कधी?

क्लिपसुद्धा त्यांच्याकडूनच घ्या, सपाट पट्टीच्या. साध्या खाचवाल्या क्लिपने बारीक पाइपचं रबर कापलं जातं. कापायला हॅकसॉ नाही, धारदार ब्लेड, वर हवा मारून आतला भुसा काढून देतात, तरी घरी एकदा परत मारा कारण तो कण पंपाच्या व्हॉल्वखाली अडकला तर सगळी मेहनत पाण्यात.

बसवणं घरीच झालं. नटांना व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) पाने लागतात, मिलिमीटरचा पाना घुसवलात तर कोपरे गोल. रॉकरचे तांब्याचे वॉशर नवे नाही आणले, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात, परत चालतात. रॉकरचे घुमटवाले नट मात्र जोर लावून आवळू नका. फीड इंजिनाच्या बाजूला ढिला ठेवून ऑइल बुडबुड्यांशिवाय यायला लागलं की मगच जोडायचा, प्लग काढून किका मारायच्या, चालू केल्यावर टाकीचं झाकण उघडून रिटर्न बघायचा. तो सलग येत नाही, थुंकल्यासारखा येतो मधेमधे हवा घेऊन, घाबरू नका, परतीचा पंप फीडपेक्षा जास्त ओढतो म्हणून. काही जण उभ्या गाडीत ऑइल खाली उतरू नये म्हणून फीडला कॉक (बंद करायची तोटी) लावतात, मी सांगेन लावू नका, एक दिवस बंद कॉकवर किक माराल आणि इंजिन गमवाल.

तक्रारी म्हणाल तर एक मीटरच्या खाली कापून देत नाहीत, बारीक पाइपचा माझा बराचसा तुकडा उरलाय, कुणाला हवा तर सांगा. मीटरला दोनशेच्या आत पडला, बिल मागितलं की तोंड वाकडं, जेवणाच्या सुट्टीत शटर खाली, आणि पार्किंग नावालाही नाही. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी जाऊ नका, रविवारी चालू असतं. जाताना जुन्या पाइपचा तुकडा घेऊन जा, काका कॅलिपरने जाडी मोजूनच नवा देतात.