टाईल ठीकच, पण ह्यांचा लेआउटचा कागद भारी (4 स्टार)

फ्लॅट बेसा साईडला. हॉल आणि पॅसेजला सलग एकच फरशी टाकायची होती म्हणून इथून 600 बाय 1200 मिमीची जीव्हीटी (वरून चकाकी दिलेली व्हिट्रिफाईड टाईल) घेतली, गुजरातच्या मोरबीचा माल. टाईलबद्दल फार लिहीत नाही, असा माल आता नागपुरात बऱ्याच दुकानांत मिळते, रेटही उन्नीस-बीस. मला लिहायचंय ते इथं काउंटरवर जे लेआउट, म्हणजे कोणती टाईल कुठं बसणार त्याचा नकाशा, काढून देतात त्याबद्दल.

आपण सगळे बोलताना दोन बाय चार म्हणतो पण ही टाईल दोन फुटाची नसतेच, साडेतेवीस इंचाच्या किंचित वर असते. आमचा हॉल अकरा फूट रुंद, म्हणजे साडेपाच टाईल असा सरळ हिशोब आम्ही घरी केला होता, तर काउंटरवरच्या दादांनी स्पेसर (दोन टाईलमधली फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे) धरून दाखवलं की पाच पूर्ण बसतात आणि साडेतेरा इंचाची पट्टी उरते. मग ही पट्टी कुठं ढकलायची ह्यावरच खरं डोकं लावलं त्यांनी. मेन डोअर उघडल्यावर पहिली नजर जाते तिथं पूर्ण टाईल, पॅसेजचा सांधा आणि हॉलचा सांधा एकाच दोरीत, आणि पट्टी सोफ्याच्या भिंतीला. बेडरूमचं मात्र दोन मिनिटांत उरकलं, तिथं पलंग आणि कपाटाखाली सगळं झाकतेच.

मला विटांसारखी अर्धी-अर्धी सरकवलेली डिझाईन पाहिजे होती, त्याला ते सरळ नाही म्हणाले. लांब टाईल मधे किंचित फुगीर असते म्हणे, अर्ध्यावर सरकवली की एकीचं पोट दुसरीच्या टोकाशी येते आणि पायाला धार लागते, सरकवायचीच तर एक तृतीयांश सरकवा. शेवटी सरळ जोड केला, टाईलच्या कडा एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंग क्लिप लावून. छान दिसते, अनवाणी फिरलं तरी कुठं ठेच लागत नाही.

आता एक स्टार का कापला ते. कागद काढला बिल्डरच्या प्लॅनवरून. साईटवर येऊन माप घ्या म्हटलं तर म्हणे आधी बुकिंग करा मग माणूस पाठवतो. अन बिल्डरची भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, असते का कधी बाप्पा! मिस्त्रीनं आल्या आल्या काटकोन तपासायला तीन-चार-पाचचा टेप लावला आणि म्हणाला, ताई, सोफ्याची भिंत एका टोकाला इंचभर आत आहे. म्हणजे पट्टी साडेतेरा पासून साडेबारापर्यंत निमुळती होत गेली. सोफ्याखाली आहे म्हणून दिसत नाही, तीच टीव्हीच्या बाजूला ठेवली असती तर रोज डोळ्यात खुपली असती. त्यामुळे प्लॅनवर भरोसा नको, दोन्ही टोकांची मापं घेऊनच दुकानात जा.

अजून दोन गोष्टी ह्यांनी न विचारता सांगितल्या. व्हिट्रिफाईड टाईल पाणी पीत नाही म्हणून नुसत्या सिमेंटच्या गाऱ्यावर धड पकडत नाही, टाईल अॅडहेसिव्ह (टाईल चिकटवायचा खास मसाला) वापरा, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात काम काढलं तर अख्ख्या खोलीत पसरवून ठेवू नका, एकेका टाईलपुरतंच, कारण वरचा थर भराभर सुकते. भिंतीला चिकटवून बसवू नका, थोडी फट सोडा, वरून स्कर्टिंग झाकून घेते.

बॉक्समध्ये दोन नग, 15.5 चौरस फूट, बोलताना सोळा धरतात, ते बिलावर बघून घ्या. सगळ्या बॉक्सचा बॅच नंबर एकच पाहिजे. न फोडलेले बॉक्स इथं परत घेतात, नेण्याचं भाडं आपलं, पण एक बॉक्स घरीच ठेवा भाऊ, नंतर तोच शेड मिळेल ह्याची काही गॅरंटी नाही.